एएफ आहे पण धोका कमी: लकवा टाळण्यासाठी काय करावं

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, रक्त पातळ करायची गोळी आता जन्मभर का? प्रत्येकाला ती लागत नाही. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा होतो. ही शक्यता माणसागणिक बदलते.

आधी मिरजेत किंवा सांगलीत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर पुढचा हिशेब तुम्हाला लागू नाही. तिथे रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमारॉल लागतंच, आयएनआरही (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासत राहावा लागतो.

बाकीच्यांनी लकव्याच्या धोक्याचे गुण मोजावेत. बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, हृदयाच्या किंवा पायाच्या धमन्यांचा आजार यांचा प्रत्येकी 1. वय 65 ते 74 असेल तर 1, 75 पासून पुढे 2. आधी लकवा येऊन गेला असेल, अगदी काही मिनिटांत बरा झालेला असला, तरी 2. बाईमाणसाला पूर्वी 1 गुण जादा धरत. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शनात तो काढला. गोळीने बीपी आटोक्यात आहे म्हणून तिथे शून्य लिहू नका. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

एकूण शून्य आलं तर सहसा रक्त पातळ करायची गोळी नको. 1 आला तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. 2 किंवा जास्त असेल तर घ्यायलाच हवी.

शून्यवाल्यांनी ‘निदान ॲस्पिरिन तरी’ म्हणून ती सुरू करू नये. एएफमधला लकवा ती फारशी टाळत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढवते. स्टेंटसाठी चालू असेल तर मनाने बंदही करू नका.

मग करायचं काय? घरी बीपी मोजा. भडंग, पापड, लोणचं कमी करा. दारू सोडा, वजन उतरवा, थायरॉइड तपासा, घोरणं जास्त असेल तर डॉक्टरांना सांगा. आमराईतल्या रोजच्या फेऱ्या चालू ठेवा. आणि दरवर्षी गुण पुन्हा मोजा, कारण पासष्टी लागली किंवा शुगर निघाली की शून्याचा 1 होतो.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जत-आटपाडीहून मिरज गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका.