ॲम्प्लिफायरसाठी नवी व्हॅक्यूम ट्यूब पारखून घेताना

मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, ट्यूब मागताना हे ध्यानात ठेवावे की, ती आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधील मोजक्या कारखान्यांतच बनते. कॅथोडवर (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा एकसारखा लेप चढवणे आणि ग्रिडची (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीची) बारीक तार अचूक अंतराने गुंडाळणे, ही कामे करणारे कसबी हात आता थोडे उरल्याने एकाच प्रकारच्या दोन नव्या ट्यूबांच्या प्रवाहातही फरक आढळतो; म्हणून पुश-पुल ॲम्प्लिफायरसाठी (ज्यात दोन ट्यूब जोडीने काम करतात) मोजून जुळवलेली जोडीच घ्यावी, माझ्या मते ब्रँडपेक्षा हेच महत्त्वाचे. काचेच्या आतील चंदेरी गेटर (उरलेले वायू शोषणारा थर) पांढरा पडला असल्यास हवा शिरलेली असते. अशी ट्यूब परत करावी. बायस (ट्यूबचा स्थिर प्रवाह ठरवणारी जुळणी) मात्र जाणकाराकडूनच लावून घ्यावा, कारण आत शेकडो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भारित राहू शकतात.