सुरक्षा-चाचणीसाठी खिशातली कमांड-वही

ग्राहकाच्या बंद दालनात, जिथे इंटरनेट नसते आणि मोबाइल दाराबाहेर ठेवावा लागतो, तिथे पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने घुसखोरी करून प्रणालीतल्या त्रुटी शोधण्याचे काम) करणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहिलेली छोटी वहीच खरी साथ देते. छापील पुस्तिका जवळ असली तरी अशी वही अवश्य करावी.

नोंदी साधनांच्या नावांनुसार न लावता कामाच्या क्रमाने लावाव्यात आणि प्रत्येक कमांडपुढे तिचा हेतू व धोका लिहावा. यंत्राचे कोणते पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याची क्रमांकित दारे) उघडे आहेत ते शोधणाऱ्या एनमॅप या साधनाचे उदाहरण घ्या. पोर्ट न सांगता तो चालवला, तर सर्वाधिक वापरातले १,००० टीसीपी (आधी जोडणी करून माहिती पाठवण्याची पद्धत) पोर्टच तपासले जातात. क्रमांक १ ते ६५,५३५ सगळे तपासायचे असतील, तर लहान पी अक्षराच्या अलीकडे आणि पलीकडेही आडवी रेघ द्यावी लागते. घाईत ही दुसरी रेघच सुटते, म्हणून मी ती लाल शाईने लिहितो. यूडीपी (जोडणीविना माहिती पाठवण्याची पद्धत) पोर्टची तपासणी वेगळी सांगावी लागते आणि ती बरीच संथ चालते, हेही तिथेच नोंदवावे.

कमांड आधी स्वतःच्या प्रयोगयंत्रावर चालवून पाहावी, मगच आवृत्तीसह वहीत उतरवावी. ग्राहकाचे पासवर्ड किंवा आयपी पत्ते मात्र तिच्यात कधीही लिहू नयेत, कारण वही हरवू शकते.

पहिले पान लेखी परवानगीच्या तपासणीसाठी राखावे: व्याप्ती, वेळ, थांबवण्याचा अधिकार कोणाला. परवानगीविना केलेली घुसखोरी भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येऊ शकते.