जपानहून स्केल मॉडेल किट मागवताय? या चुका टाळा

जपानी दुकानाच्या साइटवर किट, म्हणजे विमानं-जहाजांच्या छोट्या प्रतिकृती जोडायचा संच, इथल्यापेक्षा बरंच स्वस्त दिसतं आणि नवशिके लगेच कार्ड काढतात. हातात पडेपर्यंत ते कितीला जाईल, याचा हिशेब ऑर्डरआधी दहा मिनिटांत होतो. तेवढा धीर नसेल तर बाहेरून मागवूच नये.

‘गिफ्ट लिहून पाठवा’

ड्युटी (आयात शुल्क) वाचवायला विक्रेत्याला असं सांगणं, ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने डीजीएफटीने (परदेश व्यापार महासंचालनालयाने) टपाल किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता येणाऱ्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढेच अपवाद. तरी ही युक्ती एकमेकांना सांगणं काही थांबत नाही.

किंमत कमी दाखवणं हा त्याच्याच जोडीचा प्रकार. समजा किट वीस हजारांचं आहे आणि इन्व्हॉइसवर दोन हजार लिहिलंय. खोक्यावर किटचं नाव आणि नंबर छापलेला असतो, त्यामुळे खरी किंमत शोधायला अधिकाऱ्याला वेळ लागत नाही. पार्सल अडतं. कुरिअरचा मेल येतो: पेमेंटचा पुरावा पाठवा. कार्डाच्या स्टेटमेंटवर वीस हजार, म्हणजे खोटं डिक्लरेशन तुमच्याच कागदाने सिद्ध होतं. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १११(एम) खाली माल जप्त होऊ शकतो, ११२ खाली दंड, आणि माल सोडवून घ्यायचा तर १२५ खालची रक्कम वेगळी. ड्युटी भरावी लागतेच. शिवाय वाटेत पार्सल हरवलं, तर भरपाई दोन हजारांचीच.

इन्व्हॉइसवर किटचं पूर्ण नाव, स्केल, नग आणि खरी किंमत हवी, शिपिंग वेगळ्या ओळीत हवं. पेमेंटची पावती केवायसीच्या कागदांबरोबर आधीच पीडीएफ करून ठेवायची.

टक्क्यांची नुसती बेरीज

ड्युटी किटच्या किमतीवर लागत नाही; किंमत, विमा आणि वाहतूक धरून लागते. मूळ ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. उदाहरणादाखल मूळ ड्युटी २० आणि आयजीएसटी १८ टक्के धरा. १०० रुपयांवर २० अधिक २, म्हणजे १२२. त्यावर १८ टक्के म्हणजे २१.९६. एकूण ४३.९६ रुपये. बरेच जण ३८ धरून बसतात. दर अर्थसंकल्पागणिक हलतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात ते बघूनच आकडे मांडायचे. विनिमय दर बँकेचा धरू नका, कस्टम्सचा धरा.

इथे एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० प्रमाणे माल विमानाने आला तर ड्युटीसाठी वाहतूकखर्च मालाच्या एफओबी किमतीच्या (परदेशातून इथवरची वाहतूक आणि विमा सोडून होणारी किंमत) २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा नसेल तर त्याच किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. सहा हजारांच्या किटला तीन हजार शिपिंग दिलं असेल, तर हिशेबात वाहतूक १,२०० आणि विमा ६७.५०, म्हणजे मूल्य ७,२६७.५० यायला हवं. बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सकडे भरलेल्या आयातीच्या कागदावर) ९,०६७.५० दिसलं तर कुरिअरला लगेच लेखी विचारा. वरच्या दराने हा फरक सुमारे ७९१ रुपयांचा आहे. बिल न वाचता पैसे भरणाऱ्यांना तो कधी कळतही नाही.

नुसतं ‘टॉय’ लिहू देणं

वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या मालासाठी कस्टम्सच्या दरपत्रकात ९८०४ हे शीर्षक आहे. खेळणी आणि स्केल मॉडेल ९५०३ मध्ये येतात. ९५०३ ची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली गेली. त्यात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मार्क सक्तीचा आहे, आणि तो जपानी खोक्यावर नसतो. म्हणून माल निघण्याआधीच विक्रेत्याला ‘प्लास्टिक स्केल मॉडेल किट, न जोडलेलं’ असं लिहायला सांगा. खोक्यावर १५+ छापलं असेल तर त्याचा फोटो जवळ ठेवा. एकच नग वैयक्तिक वापरासाठी आहे आणि वर्गीकरण ९८०४ खाली व्हावं, हे कुरिअरला क्लिअरन्सच्या आधी मेलवर कळवा. बिल निघाल्यावर ते बदलून घेणं फार किचकट जातं.

बाकीच्या

काट्यावरचं वजन धरणं: मोठ्या कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५,००० ने भागतात. ६० × ४० × १५ चं युद्धनौकेचं खोकं अडीच किलोचं असलं तरी ७.२ किलोचे पैसे लागतात.

परदेशी व्हिडिओ बघून ऑर्डर फोडणं: अमेरिकेत ऑगस्ट २०२५ पर्यंत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीमुक्त होतं. विकत घेतलेल्या मालावर तशी सूट भारतात नाही.

लॅकर रंग आणि थिनर त्याच खोक्यात टाकायला सांगणं: ज्वलनशील द्रव हवाई टपालात चालत नाहीत, पूर्ण पार्सल परत फिरतं. रंग इथेच घ्या.

किटबरोबर छोटा ड्रोन: तयार असो वा सुट्या भागांचा संच, फेब्रुवारी २०२२ पासून आयातीला बंदी आहे.

कुरिअरची ड्युटी-आगाऊ फी विसरणं: कुरिअर तुमच्या वतीने ड्युटी भरतं त्याचं शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. स्वस्त किटवर हाच आकडा सगळ्यात जास्त टोचतो, त्यामुळे हजार-दीड हजाराचं एकटं किट कुरिअरने कधीही मागवू नका.