कामात मन लागत नाही? एक काम अंगावर घेऊन बघा

गोव्यातल्या कुठल्याही गावात जत्रा जवळ आली की एक गंमत बघायला मिळते. दिवसभर ऑफिसात घड्याळाकडे डोळे लावून बसणारा माणूस रात्री देवळाच्या मंडपात नाटकाच्या तालमीला बारा बारा वाजेपर्यंत उभा असतो. मिळत काहीच नाही, उलट खिशातले पैसे जातात. चवथीआधी तेच. गणपतीवर रानफळं टांगायच्या माटोळीसाठी कांगलां आणि माट्टीची फळं हुडकत रानं पालथी घालताना कुणाला मोटिव्हेशन लागत नाही. गोंयकार म्हणजे सुशेगाद, आरामात जगणारा, असं हसत म्हणणाऱ्यांनी तो आठवडा एकदा बघावाच.

माणूस तोच, चोवीस तास तेच. पण नाटकातली भूमिका त्याची स्वतःची असते, ती कशी करायची ते बरंचसं तोच ठरवतो, आणि प्रयोगाला सगळा गाव समोर बसलेला असतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकातच मांडून ठेवलंय: आपलं आपण ठरवता येणं, काम जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं, या तीन गोष्टी मिळाल्या की माणूस आपणहून कामाला लागतो. ऑफिसात यातली एकही नसेल तर मन उडणारच.

आपण मात्र वाट बघत बसतो की आधी हुरूप येऊ दे, मग जबाबदारी घेऊ. माझं मत याच्या उलट आहे. आधी एक लहानसं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंगावर घ्यायचं, गोडी मागाहून लागते. ते कसं करायचं ते सांगतो.

१. कंटाळा आहे की थकवा, ते आधी ओळखा

दोन्हीत सकाळी उठवत नाही, म्हणून गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. ती त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते. त्याच्या खुणा तीन: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

यातली पहिली खूण जोरात असेल तर नवी जबाबदारी घेऊ नका. आधी रजा, झोप आणि कामाचा बोजा कमी करून घेणं. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

२. नेमकं काय खुपतंय, ते आठवडाभर लिहून काढा

‘जॉबच बेकार आहे’ या वाक्याने काही हाती लागत नाही. खिशात मावेल अशी वही घ्या. दिवसातून दोनदा, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी निघताना, एकेक ओळ लिहा: आत्ता मन कुठे रमलं, कुठे वैतागलं. आठवड्याने वाचलंत की तक्रारींचे ढीग आपोआप वेगळे होतात.

काही ढीग कामाचे नसतातच. झुआरीचा नवा पूल २०२३ अखेर पूर्ण खुला झाला, कुठ्ठाळीला पुलावर लागणारी रांग गेली, तरी गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्याचे दोन-तीन तास बसमध्येच जातात. त्याचा उपाय शिफ्ट बदलून घेणं किंवा खोली बघणं हा आहे. पगार कमी असेल तर पगाराचंच बोलावं लागतं. अपुऱ्या पगारावर ‘सकारात्मक राहा’ हे औषध देणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि आपल्याकडचा एक खास ढीग: ‘सरकारी लागेपर्यंत’. खाजगी कंपनीत पाच-पाच, सात-सात वर्षं काढूनही कित्येक जण त्या नोकरीकडे बसस्टॉप म्हणून बघतात. काका म्हणतात, अर्ज भर. आई म्हणते, अमक्या मंत्र्याला भेट. मग इथे शिकायचं कशाला, बदलायचं कशाला? अर्ज जरूर भरा, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करा, पण त्याचे तास ठरवा. सकाळी एक तास अभ्यास, बाकी दिवस इथला. निकाल लागेपर्यंतची वर्षंही तुमच्याच आयुष्यातली आहेत.

३. एकच काम निवडा

सगळा विभाग सुधारायला जाऊ नका. निवडताना तीन प्रश्न विचारा. हे काम दर आठवड्याला येतं का? त्याची वाट बघणारं कुणी आहे का? त्यात बदल करायला फार तर आपल्या थेट वरिष्ठांची परवानगी पुरेल का? तिन्हींना ‘हो’ असेल तर ते काम तुमचं.

एक उदाहरण जरा बारकाईने सांगतो. डिचोलीहून कंपनीच्या बसने वेर्ण्याला जाणारा एक ओळखीचा मुलगा डिस्पॅचला कारकून होता. त्याच्या वहीत रोज एकच रड: संध्याकाळी गेटवर ट्रक अडकतो, रात्री घरी असताना फोन येतात, शिव्या मात्र यालाच. त्याने गेटवरच्या रजिस्टरमधून ट्रक किती वाजता आला, किती वाजता सुटला आणि कशामुळे थांबला हे उतरवून घ्यायला सुरुवात केली. कारण बहुतेक वेळा तेच निघालं. ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, दुपारीच तयार व्हायचं, ट्रान्सपोर्टरने फोनवर सांगितलेल्या गाडीच्या नंबरावर. संध्याकाळी भलतीच गाडी यायची. नंबर बदलणं पोर्टलवर दोन मिनिटांचं काम, पण लॉगिन ज्याच्याकडे तो साडेपाचच्या बसने निघून गेलेला. सिक्युरिटीवाला गाडी सोडणार कशी?

मग त्याने दोन गोष्टी सुचवल्या. बिलाचा पहिला भाग, म्हणजे मालाचा आणि इन्व्हॉइसचा तपशील, दुपारी भरून ठेवायचा. गाडीच्या नंबराचा दुसरा भाग ट्रक गेटवर लागल्यावर आर.सी. बघूनच भरायचा. आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला वेगळं सब-युजर लॉगिन द्यायचं. बस्स. रात्रीचे फोन जवळजवळ थांबले. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की ट्रक का थांबतो हे आता कंपनीत सगळ्यात नीट त्याला माहीत होतं, आणि साहेब त्याला विचारू लागले.

हॉटेलात असाल तर ऑक्टोबरमध्ये सीझन सुरू झाल्यावर असलं काही सुचणार नाही. पावसाळ्यातले मंद महिने त्यासाठीच वापरा. लिननचा हिशेब, चेक-इनची रांग, किचनमध्ये ऑर्डर पोचायला होणारा उशीर, काहीही चालेल.

४. वरिष्ठांशी बोला, आणि हद्द ठरवून घ्या

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नको. साहेब जरा मोकळे असताना, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत:

‘सर, गेल्या पंधरवड्यात गाड्या कशामुळे थांबल्या ते मी लिहून काढलंय. बहुतेक नंबर बदलल्यामुळे. उद्यापासून गाडी गेटवर आल्यावरच नंबर भरतो. महिनाभर करून बघू, नाही जमलं तर पूर्वीसारखं.’

तक्रार नाही, कुणावर बोट नाही, मुदत ठरलेली. ‘नाही’ म्हणायला साहेबांना कारण उरत नाही.

पण इथेच सावध राहायला हवं. ‘ओनरशिप घ्या’ हे बऱ्याच ठिकाणी ‘त्याच पगारात जास्त राबा’ म्हणायची सभ्य रीत झालीय. म्हणून तीन गोष्टी तेव्हाच स्पष्ट करा: यातलं काय मी कुणाला न विचारता ठरवू शकतो, नवं काम घेतलं तर जुन्यातलं कुठलं सुटेल, आणि मी रजेवर असताना कोण बघेल. अधिकार न देता नुसती जबाबदारी मिळत असेल तर ती नम्रपणे परत करा. तीनदा समजावूनही ती गळ्यात पडत असेल तर लेखी मागा. व्हॉट्सअॅपवरची एक ओळही पुरते.

५. तुमच्या कामाची वाट कोण बघतंय ते बघून या

कागद हाताळणाऱ्यांना हे जास्त लागू. मामलेदार कचेरीतल्या टेबलावर निवासी दाखल्याची फाईल म्हणजे एक नंबर असतो. बाहेरच्या बाकावर मात्र कॉलेज प्रवेशाच्या मुदतीची धास्ती घेतलेली मुलगी आणि दिवसाचा रोज बुडवून आलेला तिचा बाप बसलेला असतो. आठवड्यातून एकदा खुर्ची सोडून त्या बाकापाशी जा, कुठून आलात ते विचारा. कारखान्यात असाल तर तुमचा माल पुढे ज्या विभागात जातो तिथे अर्धा तास उभे राहा.

६. बिघडलं तर आधी आपणच सांगा

काम तुमचं झालं की त्यातलं अपयशही तुमचंच. सिस्टीम स्लो होती, मला कुणी सांगितलं नाही, ही वाक्यं अगदी खरी असली तरी पहिली यायला नकोत. क्रम असा ठेवा: काय झालं, आत्ता काय करतोय, पुन्हा कधी कळवतो. ‘सर, मडगावची ऑर्डर आज जाणार नाही, लेबल चुकीची लागली. दोघं जण बदलतायत. चार वाजता परत सांगतो.’ आणि चार वाजता सांगा, काम अर्धवट असलं तरी. कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी शांतपणे. खोट कुणा सहकाऱ्याची असेल तर ते त्याच्याशी एकट्याशी बोला.

७. तीन महिन्यांनी हिशेब करा

वही काढा आणि पहिला आठवडा शेवटच्या आठवड्याशेजारी ठेवून वाचा. काम हलकं वाटत असेल, लोक विचारायला येत असतील, तर शेजारचं आणखी एक काम घ्या. काहीच हललं नसेल, वरिष्ठांनी प्रत्येक सूचना फाईलमध्ये पुरली असेल, तर खोट तुमच्यात शोधत बसू नका. दुसरीकडे अर्ज करायला लागा. मुलाखतीत ‘तुम्ही काय केलं?’ असं विचारलं की बायोडेटातली विशेषणं फारशी कामी येत नाहीत. किती गाड्या थांबायच्या, का थांबायच्या, मी काय बदललं आणि मग किती थांबल्या, हे आकडे वहीतून काढून एका कागदावर मांडून न्या. कंपनीची गोपनीय कागदपत्रं आणि ग्राहकांची नावं मात्र त्यात घालू नका.