जहाजावरून उतरून ब्रिजटाउनमध्ये एक दिवस कसा घालवावा

कॅरिबियन क्रूझच्या जाहिरातीत बेटांची यादी लांबलचक दिसते, पण एकेका बंदराच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो, तोही पुरता नाही. त्या दिवसात काय बसवायचं हे जहाजावर नाश्त्याच्या रांगेत ठरवायला घेतलं की निम्मी सकाळ तिथेच जाते. त्यामुळे बेत घरूनच करून निघावा. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन तर अशा बेताला फार सोयीची आहे. जुनं शहर, पोहण्याजोगा शांत समुद्र आणि क्रिकेटच्या इतिहासातलं एक थोर मैदान, तिन्ही बंदरापासून पायी गाठता येतात. क्रिकेटवर जीव असलेल्या मराठी माणसाने इथला दिवस बसच्या खिडकीतून बेट बघण्यात घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१. वेळ मागून मोजा

कार्यक्रमपत्रिकेत जहाज सकाळी ८ ला लागणार आणि संध्याकाळी ५ ला सुटणार, असं लिहिलेलं असतं. ५ ही सुटायची वेळ झाली. सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ त्याआधी अर्धा ते एक तास असते आणि ती रोजच्या पत्रकात छापलेली असते. सकाळी बंदराची परवानगी मिळून जिना उघडेपर्यंतही थोडा वेळ जातो. म्हणजे हातात खरे सहा-सात तास. त्यातला शेवटचा तास परतीसाठी राखून ठेवा आणि उरलेल्या वेळातच बेत बसवा.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. बार्बाडोसची वेळ वर्षभर ग्रीनिचच्या ४ तास मागे असते. अनेक जहाजं जिथून सुटतात त्या फ्लोरिडातली घड्याळं हिवाळ्यात आणखी एक तास मागे जातात, बार्बाडोसची जात नाहीत. फोन आपोआप बेटावरची वेळ दाखवायला लागतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेवर चालतं. दोन्ही जुळतात का, हे उतरण्यापूर्वी बघा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

२. कागदपत्रं आणि सामान

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण क्रूझ एकाच बेटावर जात नाही. वाटेत मार्टिनिकसारखं फ्रेंच बेट असेल तर तिथले नियम वेगळे. जहाज मायामीहून किंवा अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून सुटून तिथेच परतणार असेल, तर अमेरिकेत पुन्हा प्रवेश करता येईल असा व्हिसा लागतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींनी आणि त्यांच्याकडे आलेल्या आईवडिलांनी तिकीट काढण्यापूर्वीच हे तपासावं. नियम बदलत असतात, तेव्हा क्रूझ कंपनीकडून लेखी खात्री करून घेतलेली बरी.

सामानाबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बार्बाडोसमध्ये लष्करी छपाईचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. ही बंदी मुलांनाही लागू आहे, आणि टोपी किंवा पाठीवरची सॅक असली तरी चालत नाही. मुलांच्या बॅगेत तसली हाफपँट असेल तर ती जहाजावरच राहू द्या.

बाकी सामान थोडंच लागतं: जहाजाचं कार्ड, ओळखपत्र, टोपी, सनस्क्रीन, पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि पाण्याची रिकामी बाटली. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. पावसाचं पाणी त्या खडकातून गाळून खाली साठतं आणि नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं.

३. शहर की बेट, एकच निवडा

बेट लहान आहे, म्हणून सगळं एका दिवसात होईल असं वाटतं. हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा, पूर्व किनाऱ्यावरचं बॅथशेबा, पश्चिम किनाऱ्यावरची होलटाउन, सगळीच नावं मोहात पाडतात. पण रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, आणि गर्दीच्या वेळी शहराबाहेर पडायलाच उशीर होतो. दोन ठिकाणं आणि जेवण म्हणता म्हणता दिवस गाडीत संपतो.

गुहा बघायचीच असेल तर जहाजाच्या कंपनीची सहल घ्या. महाग पडते, पण त्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि अडकलात तर थांबत नाही. बॅथशेबाचे खडक आणि लाटा सुंदर आहेत, पण तो अटलांटिकचा उघडा किनारा आहे आणि पोहायला धोक्याचा आहे. पोहायचं ते पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या शांत बाजूला.

पुढचा बेत शहर निवडणाऱ्यांसाठी आहे.

४. पैशांचा हिशेब

२ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकी डॉलर. हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. अमेरिकी नोटा सगळीकडे घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात मिळतात. म्हणून जवळ लहान नोटा ठेवा. किंमत ऐकली की लगेच विचारा, "बार्बाडोस की यूएस?" टॅक्सीवाला "ट्वेंटी" म्हणाला आणि तुम्ही विचारलं नाहीत, तर भाडं दुप्पट किंवा निम्मं यातलं काहीही असू शकतं. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे बसण्याआधीच भाडं ठरवून घ्यायचं.

काहीही विचारण्यापूर्वी "गुड मॉर्निंग" म्हणायला विसरू नका. इथे दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, रस्ता विचारताना आधी अभिवादन करतात. थेट प्रश्नाला हात घातला तर ते उद्धट समजतात. तसंच नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत बाजारातून फिरणं त्यांना आवडत नाही. वर सदरा चढवा.

५. सकाळी आधी केन्सिंग्टन ओव्हल

ऊन चढायच्या आत मैदान गाठा. बंदराच्या दारातून ते पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. सामना किंवा काम चालू नसेल तर आत फिरता येतं की नाही, हे आधी विचारून घ्या. आत जाता आलं नाही तरी इथलेच थोर अष्टपैलू क्रिकेटपटू सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा तिथे आहेच, आणि केवळ त्याच्यासाठीही ही चाल वसूल होते.

२००७ च्या विश्वचषकासाठी हे मैदान जवळजवळ नव्याने बांधलं, त्यामुळे जुन्या छायाचित्रांतलं केन्सिंग्टन आज दिसणार नाही. पण जागा तीच आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकला, तेव्हा इथल्या कसोटीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा केल्या आणि सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. त्याच सामन्यात सोबर्स यांनी नाबाद १७८ केल्या होत्या.

त्याआधीची, १९६२ ची आठवण अंगावर येणारी आहे. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि कवटी फुटली. त्यांचा जीव वाचवण्यासाठी रक्त दिलं त्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते, आणि वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. आज या मैदानात एका स्टँडला वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट यांची नावं आहेत, तर दुसऱ्याला हॉल आणि ग्रिफिथ यांची. ही हकिकत ठाऊक असली की त्या दोन पाट्यांपुढे पाय आपोआप थांबतात.

आणि २९ जून २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत, भारत १७६, दक्षिण आफ्रिका १६९. शेवटच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर चेंडू पकडला, तोल जाताना आत उडवला, बाहेर जाऊन परत येऊन झेलला. मिलर बाद झाला तो याच मैदानावर, आणि सामन्यानंतर रोहित शर्माने खेळपट्टीवरची गवताची काडी तोंडात टाकली तीही इथेच. लगेच बेरिल चक्रीवादळ आलं, संघ बेटावर अडकून पडला आणि मग मुंबईत मरीन ड्राइव्हवर ती मिरवणूक निघाली. त्याच वादळाने ब्रिजटाउनच्या कोळ्यांच्या कितीतरी होड्या फोडल्या, हे आपल्याकडच्या जल्लोषात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. त्या काळात गेलात तर जहाज ऐनवेळी बंदर बदलू शकतं, तेव्हा परत न मिळणारी आगाऊ बुकिंग टाळा.

मुलं बरोबर असतील तर जवळच रिहाना ड्राइव्ह आहे. गायिका रिहाना लहानपणी जिथे राहायची त्या रस्त्याला २०१७ मध्ये तिचं नाव दिलं. रंगवलेलं छोटं घर बघून दहा मिनिटांत पुढे निघता येतं.

६. मग शहरातून चालत

ब्रॉड स्ट्रीट ही मोठ्या दुकानांची पेठ, तिला समांतर स्वान स्ट्रीट ही चालणाऱ्यांची, स्वस्ताईची. कापडाच्या दुकानात गुजराती कानावर पडलं तर दचकू नका. गेल्या शतकात सुरतेकडच्या मुस्लिम कुटुंबांनी इथे येऊन दारोदार कापड विकलं आणि पुढे दुकानं थाटली. रविवारी मात्र बहुतेक पेठ बंद असते. जहाज रविवारी लागणार असेल तर हा टप्पा आवरता घेऊन समुद्राला जास्त वेळ द्या. शनिवारी उलट, चीपसाइडचा भाजीबाजार भरात असतो. तिथे ब्रेडफ्रूट, रताळी, शहाळी आणि आपल्या ओळखीची भेंडीही दिसेल.

स्वान स्ट्रीटजवळच निधे इस्रायल हे यहुदी प्रार्थनास्थळ आहे. मूळ इमारत १६५४ ची, १८३१ च्या वादळात पडली, १८३३ मध्ये पुन्हा उभी राहिली. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधलं रेसिफे शहर डचांकडून परत घेतल्यावर तिथून निघालेल्या यहुद्यांपैकी काही या बेटावर आले. त्यांच्यासोबत उसाचं तंत्रही आलं. २००८ मध्ये आवारात खोदकाम करताना त्यांचं स्नानकुंड सापडलं. आजही त्याच्या तळाशी झऱ्याचं पाणी आहे. इथे अर्धा तास द्याच.

उसाने हे बेट श्रीमंत केलं, पण घाम आणि रक्त होतं आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचं. १८१६ मध्ये बुसाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, तो चिरडला गेला. १८३४ मध्ये कायद्याने गुलामी संपली, पण पुरती मोकळीक १८३८ मध्ये मिळाली. हे मनात ठेवून संसदेसमोरच्या नॅशनल हिरोज स्क्वेअरमध्ये उभं राहा. इथे दोनशेहून अधिक वर्षं ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा पुतळा होता, तो २०२० मध्ये हटवला. पुढच्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बार्बाडोस प्रजासत्ताक झालं, त्याचा सोहळा याच चौकात झाला. प्रवाळाच्या दगडात बांधलेली संसद १८७० च्या दशकातली. ती उघडी असेल तर आतलं संग्रहालय बघा.

चौकाला लागून कॅरीनेज ही खाडी. जुन्या काळी इथे गलबतं एका कुशीवर कलती करून त्यांचा तळ खरवडत. चेंबरलिन पूल ओलांडला की शहराचा टप्पा संपला.

७. दुपारी कार्लाइल बे

पुलापासून बे स्ट्रीटने पंधरा मिनिटं चाललं की वाळू लागते. चालवत नसेल तर दक्षिणेकडे जाणारी झेडआर व्हॅन, म्हणजे खासगी प्रवासी व्हॅन, घ्या, भाडं ३.५० बार्बाडोस डॉलर. गाणी मोठ्याने आणि जागा दाटीवाटीची, पण शहराची चव तिथेच कळते. सरकारी निळ्या बसमध्ये सुटे देत नाहीत.

इथलं पाणी संथ आणि काचेसारखं स्वच्छ. खाडीत बुडालेल्या काही बोटी कमी खोलीवर आहेत, शिवाय समुद्री कासवं येतात. किनाऱ्यावर नाववाले भेटतात. भाव ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पोहता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. कासवांना हात लावू नका, खायला घालू नका.

किनाऱ्यावर झाडाखाली बसताना मात्र जपून. मँचिनील नावाचं झाड विषारी आहे. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, चीक अंगावर पडला तर फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहणंही धोक्याचं. खोडावर लाल पट्टा दिसला तर दूर व्हा. लहान मुलांना हे उतरण्यापूर्वीच बजावा.

जेवण इथेच उरका. मासे खाणाऱ्यांनी 'फिश कटर' घ्यावं: गोल पावात तळलेला मासा आणि वर पिवळा मिरचीचा रस्सा, मोहरीचा झणका असलेला. तो पहिल्यांदा थेंबभरच घ्या, कारण त्यातली मिरची आपल्या लवंगीला ऐकणारी नाही. राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे उडता मासा आणि कू-कू. कू-कू मक्याच्या पिठात भेंडी घालून लाकडी दांड्याने घोटतात, ते मऊ पिठल्यासारखं ताटात येतं. शाकाहारी मंडळींना मॅकरोनी पाय, तळलेली पिकी केळी, भाजलेलं ब्रेडफ्रूट आणि बटाट्याची रोटी चालेल. 'राइस अँड पीज' मात्र विचारूनच घ्या. दिसायला राजमा-भात, पण शिजताना त्यात बऱ्याचदा खारवलेलं मांस घालतात.

८. परत

कार्लाइल बेपासून बंदरापर्यंत चालायला पाऊण तास तरी लागतो, भिजल्या अंगाने आणि उन्हात अधिकच. येताना टॅक्सी करा, चार जणांत ती जड जात नाही. वाटेत पेलिकन व्हिलेजमध्ये स्थानिक कारागिरांची दुकानं आहेत, वेळ उरला तर तिथे उतरून उरलेला रस्ता चालत जा. मिरचीच्या रश्शाची सीलबंद बाटली नेता येते. ताजी फळं, शंख, वाळू जहाजावर नेऊ नका, दारावर काढून घेतात. रमची बाटली घेतली तर जहाजाचे कर्मचारी ती ठेवून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. पावती सांभाळून ठेवा.