गेमबॉयचे जुने गेम रंगवताना या चुका टाळा

"हेडरमधला बाइट बदलला, आता स्क्रीन नुसता पांढराफटक दिसतोय. काय करू?"

गेमबॉयचे मूळचे चार छटांचे गेम गेमबॉय कलरसाठी रंगवायला घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर सोपं आहे, पण प्रश्नामागची घाई मला खटकते. हेडर म्हणजे गेमच्या फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग. त्यात ०१४३ या पत्त्यावर ८० (हे आकडे हेक्समधले, म्हणजे १६ च्या पायावरचे) लिहिलं की गेम रंगीत होतो, असं कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्या बाइटने एकही रंग येत नाही. त्याने मशीनला फक्त एवढं कळतं की या गेमचे रंग गेमच सांभाळणार आहे, आणि मशीन त्या कामातून अंग काढून घेतं.

१९९८ साली गेमबॉय कलर आला तेव्हा जुनी कार्ट्रिज त्यात घातली की मशीन स्वतःहून रंग द्यायचं. पार्श्वभूमीला चार रंगांचं एक पॅलेट, स्प्राइट्सना (पात्रांसारख्या हलत्या चित्रांना) तीन-तीन रंगांची दोन, म्हणजे जास्तीत जास्त १० रंग. सुरू करताना बटणं दाबून १२ रंगसंगतींतली एखादी निवडताही यायची. ०१४३ वर ८० लिहिलंत की ही सोय बंद. पार्श्वभूमीची आठही पॅलेट्स पांढरी भरून तुमच्या ताब्यात येतात आणि स्प्राइट्सच्या पॅलेट्समध्ये काय असेल याचा भरवसा नसतो. म्हणून गेम सुरू होताच, त्याची पहिली ओळ चालायच्या आत, सगळी १६ पॅलेट्स स्वतः भरायची. आणि हेडर बदलला की ०१४डी वरचा चेकसम (हेडर बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) पुन्हा काढायचा. बरेच इम्युलेटर (मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) तो तपासतच नाहीत. खरं मशीन तपासतं आणि लोगोपाशीच थांबतं. आरजीबीडीएस या गेमबॉयसाठीच्या साधनसंचासोबत येणारं आरजीबीफिक्स हे काम एका आज्ञेत करतं, त्यामुळे ही चूक करायला काही कारणच नाही.

आता ज्या दोन चुका मी सतत पाहतो त्यांबद्दल सविस्तर.

फेड विसरणं

जुन्या गेमबॉयमध्ये पार्श्वभूमीचं पॅलेट म्हणजे एकच बाइट, एफएफ४७ या पत्त्यावरचा. चार छटा, प्रत्येकीला दोन बिट. गेमच्या लेखकांनी या एका बाइटकडून भरपूर कामं करून घेतली आहेत. पडदा हळूहळू पांढरा करायचा (हाच फेड), मार लागला की क्षणभर छटा उलट्या करायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढची लेव्हल मांडून होईपर्यंत सगळी छटा पांढरी करून पसारा झाकायचा.

कलर मोडमध्ये या बाइटचा चित्रावर काहीच परिणाम होत नाही. गेम बिचारा तिथे लिहीत राहतो, पण पडद्यावर काही हलत नाही. मग लेव्हल संपली की अर्धवट टाइल्सचा (पडदा ज्यांनी भरतो त्या छोट्या चौकोनी चित्रांचा) चिखल सगळ्यांसमोर येतो. नवशिके ते पाहून म्हणतात, "माझा पॅच टाइल्स खराब करतोय." (पॅच म्हणजे मूळ गेममध्ये केलेल्या बदलांची फाइल.) टाइल्सना काही झालेलं नसतं. १९८९ पासून त्या गेममध्ये तो पसारा होतच होता, फक्त झाकलेला होता.

यावर घाईचा उपाय म्हणजे हेक्स एडिटर (फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) उघडून 'ई० ४७' हे एफएफ४७ वर लिहायच्या आज्ञेचे दोन बाइट शोधायचे आणि दिसतील तिथे बदलायचे. असं करू नका. हेच दोन बाइट चित्रांमध्ये असतात, संगीताच्या डेटात असतात, लेव्हलच्या नकाशात असतात. एखादा बाइट तिसऱ्याच ठिकाणी बदलला जातो आणि सहाव्या लेव्हलमध्ये एक भिंत नाहीशी होते. मी बीजीबी किंवा इम्युलिशस या डिबगरमध्ये एफएफ४७ वर ब्रेकपॉइंट (तिथे काही लिहिलं जाताच गेम थांबवणारी खूण) लावतो आणि गेम खेळतो. मरतो, पॉज करतो, शेवटच्या शत्रूपर्यंत जातो. जिथे जिथे थांबतो ते पत्ते वहीत लिहितो. काही गेम या बाइटची प्रत रॅममध्ये ठेवतात आणि एकाच ठिकाणाहून ती रजिस्टरमध्ये, म्हणजे एफएफ४७ मध्ये, टाकतात. तसं असेल तर काम फार हलकं होतं.

पुढची अडचण जागेची. ती मूळ आज्ञा दोन बाइटची असते आणि आपल्या कोडकडे पाठवणारी 'कॉल' तीन बाइटची. इथे मी 'आरएसटी' वापरतो. ती ठरलेल्या आठ पत्त्यांपैकी एकावर नेणारी एकाच बाइटची आज्ञा आहे, उरलेल्या बाइटमध्ये 'नॉप' (काहीच न करणारी आज्ञा) टाकायचं. आठ आरएसटी पत्त्यांपैकी एखादा मोकळा आहे का हे गेम रंगवायला घेण्याआधीच पाहून ठेवावं. आपल्या कोडने करायचं एवढंच: गेमला कोणती छटा कुठे हवी होती ते त्या बाइटमधून वाचायचं आणि त्याच क्रमाने आठही पॅलेट्सचे रंग पुन्हा भरायचे. ६४ बाइट होतात. ते व्ही-ब्लँकमध्येच, म्हणजे दोन फ्रेममधल्या विश्रांतीतच, भरा. पडद्यावर चित्र काढलं जात असताना पॅलेटमध्ये लिहिलेलं मशीन घेत नाही. या पद्धतीत फेड मूळच्याच पायऱ्यांनी होतो. काहींना वाटतं की आता ३२ पायऱ्या हाताशी आहेत तर मऊसूत फेड करावा. मला ते पटत नाही. मूळ गेमची लय चार पायऱ्यांची आहे आणि संगीतही तिच्यावर बेतलेलं असतं.

बँक उघडी ठेवणं

एका कॉलेजच्या मुलाने त्याचा पॅच तपासायला पाठवला होता. उड्या मारत पुढे जायचा नेहमीचा गेम, रंग सुरेख निवडलेले. सोबत तक्रार: "दादा, नाणी ७ ची ८ झाली की आकडा गायब होतो. कधी कधी २ ची ३ झाली तर २ च राहतो, पण उलटा." त्याने पॅलेट पाच-सहा वेळा बदलून पाहिलं होतं. मग स्कोअर दर फ्रेमला पुन्हा लिहायचा कोड घातला होता. त्याने भागेना म्हणून स्कोअरचे रंगही दर फ्रेमला पुन्हा लिहिले, आणि मग सगळा पडदाच लुकलुकायला लागला. व्ही-ब्लँक जेमतेम १.१ मिलिसेकंदाचा असतो, त्यात किती कोंबणार?

मी फक्त एक गोष्ट विचारली. उभं राहून नाणं घेतलं तरी होतं का? त्याने करून पाहिलं. उभं राहून काहीच होत नव्हतं. पळत पळत, म्हणजे पडदा सरकत असताना नाणं घेतलं तरच, आणि तेही अधूनमधून.

इथेच सगळं उलगडतं. गेमबॉय कलरमध्ये चित्र-मेमरीच्या दोन बँका असतात. बँक ० मध्ये कुठे कोणती टाइल ते लिहिलेलं असतं. बँक १ मध्ये त्याच पत्त्यांवर त्या जागेचे गुणधर्म असतात: कोणतं पॅलेट, टाइल उलटी करायची का, टाइलचं चित्र कोणत्या बँकेतून घ्यायचं. बँक बदलायचं रजिस्टर एफएफ४एफ. पडदा सरकला की त्या मुलाचा कोड बँक १ उघडून नव्या स्तंभाचे रंग लिहायचा, आणि नेमका तेव्हाच व्ही-ब्लँकचा इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरं करायला लावणारी हाक) यायचा. मूळ गेमचा इंटरप्ट १९९० च्या आसपासचा. त्याला बँका ठाऊकच नाहीत. तो आपला नेहमीप्रमाणे नाण्यांचा नवा आकडा लिहून जायचा, पण तो पडायचा बँक १ मध्ये.

त्या गेममध्ये आकड्यांच्या टाइल्स हेक्समध्ये ३० ते ३९ होत्या. ३८ हा गुणधर्म म्हणून वाचला तर त्यातला (शून्यापासून मोजता) तिसरा बिट सांगतो की चित्र बँक १ मधून घे. तिथे काहीच नव्हतं, म्हणून आकडा गायब. ३३ मधला पाचवा बिट सांगतो की टाइल डावी-उजवीकडून उलटव. म्हणून जुनाच २, पण उलटा. बग आपलं कारण स्वतः सांगत होता. तो मुलगा मात्र रंगांकडे पाहत बसला होता, कारण आपण रंगाचं काम करतोय म्हणजे चूक रंगातच असणार असं त्याने धरून ठेवलं होतं.

उपाय चार-पाच ओळींचा. इंटरप्ट सुरू होताच एफएफ४एफ वाचून स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यावर) ठेवायचा, बँक ० करायची, मूळ काम होऊ द्यायचं आणि जाताना जुनी किंमत परत लिहायची. रंग लिहिताना इंटरप्ट बंद ठेवणारेही आहेत. मी तसं करत नाही, कारण संगीताचा ठेका बिघडू शकतो. दर फ्रेमला सगळं पुन्हा लिहून चूक झाकणं मात्र कधीच करू नका. लक्षण दाबलं जातं आणि मूळ दुखणं दुसरीकडे डोकं वर काढतं.

बाकीच्या, थोडक्यात

रॅममध्ये शून्य दिसतं म्हणून तो बाइट मोकळा आहे असं धरू नका. पूर्ण गेम खेळून मगच ठरवा.

डी००० पासूनची रॅम-बँक बदलण्याआधी स्टॅक कुठे आहे ते पाहा. तो डीएफएफएफ पासून खाली येत असेल तर बँक बदलताच स्टॅक हातचा जातो आणि गेम कोसळतो.

स्प्राइट एकमेकांवर चढले की जुन्या मशीनमध्ये ज्याचा एक्स कमी, म्हणजे जो जास्त डावीकडे, तो वर दिसतो, कलर मोडमध्ये यादीत जो आधी तो. पात्राचा हात अंगामागे गेला तर हे कारण.

स्प्राइटच्या गुणधर्मातले खालचे चार बिट जुन्या मशीनला लागत नसत, त्यामुळे काही गेम तिथे काहीबाही ठेवतात. तुम्ही पॅलेट लिहिताना ते आधी पुसा.

रॉम, म्हणजे गेमची फाइल, मोठी करताना कार्ट्रिजमधली बँक बदलणारी चिप एमबीसी१ ची एमबीसी५ केलीत, तर गेम बँकेचा क्रमांक ३००० च्या पुढच्या पत्त्यावर लिहीत नाही ना हे तपासा. एमबीसी५ मध्ये ती जागा नवव्या बिटाची आहे.

रंग निवडताना

आता रंगांबद्दल, जे बहुतेक जण सगळ्यात आधी करतात आणि माझ्या मते सगळ्यात शेवटी करायला हवेत.

मूळ कलाकारांनी चार छटांत काम केलं आहे. आकार, सावली, खोली, सगळं फिकट ते गडद या क्रमावर उभं आहे. रंग देताना हा क्रम मोडला की चित्र मोडतं. आकडा तोच असला तरी हिरवा निळ्यापेक्षा डोळ्याला कितीतरी उजळ वाटतो, हे विसरून लोक दुसऱ्या छटेला निळा आणि तिसरीला हिरवा देतात आणि मग झाड सपाट का दिसतंय ते कळत नाही. माझी सवय अशी: रंगवलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, तो करडा करायचा आणि मूळ गेमशेजारी ठेवायचा. दोन्हींत आकार सारखे वाचता आले पाहिजेत. ठिपक्यांच्या जाळीने केलेली सावली असेल तिथे तर शेजारच्या दोन छटांचे रंग जवळचेच हवेत, नाहीतर सावलीच्या जागी नुसता खरखरीत ठिपक्यांचा पट्टा दिसतो.

पार्श्वभूमीत एका ८ बाय ८ च्या टाइलला एकच पॅलेट मिळतं. त्यामुळे आकाशाला लागून असलेल्या सगळ्या पॅलेट्समध्ये आकाशाचा रंग हुबेहूब एकच ठेवा, नाहीतर प्रत्येक पाइपभोवती चौकोनी कडा उमटते. मेट्रॉइड २ सारख्या काळ्या गुहांच्या गेममध्ये हा त्रास कमी. एकच टाइल ढग म्हणूनही येते आणि झुडूप म्हणूनही, तेव्हा 'या टाइलला हे पॅलेट' असा सरसकट तक्ता चालत नाही. अशा टाइलची प्रत बँक १ मध्ये ठेवा किंवा लेव्हलनुसार वेगळा तक्ता करा. कंटाळवाणं काम आहे, पण चांगला पॅच आणि वरवर फासलेले रंग यांतला फरक इथेच दिसतो. १९९३ चं लिंक्स अवेकनिंग आणि त्याची १९९८ ची अधिकृत डीएक्स आवृत्ती शेजारी लावून बघा, किती शिकायला मिळतं.

शिवाय गेमबॉय कलरच्या पडद्याला मागून प्रकाश नव्हता. त्यावर रंग मंद दिसत. इम्युलेटरमध्ये रंगदुरुस्ती बंद ठेवून निवडलेले रंग खऱ्या मशीनवर मळकट होतात. मी सेमबॉय या इम्युलेटरमध्ये दुरुस्ती चालू आणि बंद दोन्ही करून बघतो आणि दोन्हीकडे तग धरतील तेच रंग ठेवतो.

पॅच देताना

रॉम फाइल कुणालाही देऊ नका, मागितली तरी नाही. फक्त पॅच द्या. तोही आयपीएस प्रकारचा नको, बीपीएस प्रकारचा द्या. आयपीएस चुकीच्या रॉमवरही निमूट बसतो. लिंक्स अवेकनिंगसारख्या गेमच्या तर एकाहून जास्त आवृत्त्या निघाल्या आहेत, मग "सुरूच होत नाही" असे निरोप येत राहतात. बीपीएसमध्ये मूळ फाइलची सीआरसी (फाइल ओळखायचा आकडा) असते, जुळली नाही तर तो लागूच होत नाही. कोणती आवृत्ती हवी हे सोबतच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा.

तिथेच आणखी एक ओळ लिहा: मूळ गेमचं इम्युलेटरमधलं सेव्ह स्टेट (त्या क्षणाची जशीच्या तशी साठवण) रंगवलेल्या गेमवर उघडू नका. त्यात जुन्या मशीनची अख्खी मेमरी असते, तुमचं एकही पॅलेट त्यात भरलेलं नसतं. बॅटरीवरचा सेव्ह, तुम्ही त्याची मांडणी हलवली नसेल तर, खुशाल चालतो.