कोड्याचं उत्तर कागदावर द्या

‘तीन प्राथमिक रंगांपैकी मी एक, मी कोण?’ याला कोडं म्हणत नाहीत. हा परीक्षेतलाच प्रश्न, फक्त शेवटी ‘मी कोण’ चिकटवलेलं. चित्रकलेच्या तासाला कोडं घालायचं तर शब्दाची व्याख्या त्यात कोंबू नका. ती गोष्ट कागदावर काय करते, तेवढंच सांगा. आणि मुलांनी उत्तर ओरडायचं नाही, करून दाखवायचं. शब्द सगळ्यात शेवटी, हात रंगल्यावर, फळ्यावर लिहायचा.

कोडं रचण्याआधी ते तंत्र स्वतः एकदा करून बघा आणि तीन गोष्टी टिपून ठेवा: काय घडलं, कशाने घडलं आणि काय कधीच घडत नाही. तिसरी सहसा राहून जाते, पण चुकीची उत्तरं तिनेच गळतात. यमक जुळलं तर छान, मुलांच्या तोंडी बसतं. पण यमकासाठी खोटी खूण घालू नका. उदाहरणार्थ:

मी आधी येतो गुपचूप, पांढऱ्यावर पांढरा लपतो,
पाणी आलं रंग घेऊन, तरी मी कोरडाच उरतो.

उत्तर आहे पांढरा मेणखडू. प्रत्येक गटाला पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे चार तुकडे द्या. समोर मेणखडू, साधा खडू, पेन्सिल आणि डिंक ठेवा, सोबत पातळ निळा रंग. प्रत्येक तुकड्यावर एकेक वस्तू वापरून रेघ मारायची आणि वरून रंगाचा एकच हात फिरवायचा. साधा खडू रंग पिऊन टाकतो, पेन्सिलची रेघ रंगाखालून तशीच दिसते, मेणावरून मात्र रंग ओघळून बाजूला होतो आणि रेघ पांढरी झळकते. डिंक गोंधळ घालतो: वाळलेला असेल तर थोडा वेळ रंग अडवतो, मग विरघळून रंगातच मिसळतो. ‘कोरडाच उरतो’ ही खूण त्याला गाळण्यासाठीच आहे.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा रंगाच्या दाटपणामुळे. पोस्टर कलर घेतलात तर एक भाग रंगाला चार ते पाच भाग पाणी. त्याहून दाट झाला की तो मेणालाही झाकून टाकतो. दुसरं कारण म्हणजे हलक्या हाताने मारलेली रेघ. मेणाचा सलग थर बसला नाही तर मधल्या फटींतून रंग शिरतो. खडू जोर देऊन, एकाच जागी दोनदा फिरवायला सांगा. काही स्वस्त खडूंत मेण कमी असतं, म्हणून आदल्या दिवशी एक तपासून घ्या. ऑइल पेस्टलनेही हे काम होतं. एवढं झालं की फळ्यावर लिहा: ‘मेणरोधक रंगकाम’. ‘रोधक’ हा शब्द एरवी जड वाटला असता. रंग अडलेला नुकताच पाहिल्यावर तो समजावून सांगावा लागत नाही.

शब्दांचं बोलायचं तर मराठीत काही सापळे आहेत. ‘आकार’ आपण गोल-चौकोनालाही म्हणतो आणि लहान-मोठ्यालाही. कोड्यात ‘माझा आकार बदलतो’ असं आलं की अर्धा वर्ग फुग्याकडे वळतो. दुसऱ्या अर्थासाठी ‘आकारमान’ वापरा आणि चेंडू किंवा पेटीसारख्या भरीव वस्तूला ‘घनाकार’. ‘छटा’चंही तसंच: पांढरा मिसळून येते ती ‘उजळ छटा’, काळा मिसळून येते ती ‘गडद छटा’. नुसतं ‘छटा’ म्हटलं तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील. रेघांच्या दाटीने सावली दाखवण्याला आज ‘हॅचिंग’ आणि उद्या ‘रेषाछाया’ असंही म्हणू नका. जो शब्द निवडाल तो वर्षभर टिकवा.

आता हॅचिंगचंच कोडं बघा:

एकटी असले तर रेघ, गर्दी केली तर सावली,
तिरप्या बहिणी वरून आल्या, संध्याकाळ दाटून आली.

एचबी आणि 4बी पेन्सिल द्या. एका ओळीत पाच चौकोन आखून पहिला कोरा, शेवटचा सगळ्यात काळा आणि मधले पायरीपायरीने गडद करायचे. बोटाने घासायला मनाई. मुलं घाई करतात आणि पेन्सिल दाबून काळोख आणतात. मग रेघा दिसत नाहीत आणि कोड्यातली ‘गर्दी’ही कळत नाही. दाब तोच ठेवून रेघांमधलं अंतर कमी करायचं, मग दुसऱ्या दिशेचा थर द्यायचा. तो दुसरा थर म्हणजे क्रॉस-हॅचिंग, त्या बहिणी.

रंगचक्रासाठी:

समोरासमोर घर आमचं एका गोल गावात,
शेजारी बसवा, दोघे खुलतो. कालवून बघा, दोघे मळतो.

उत्तर आहे पूरक रंग, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या जोड्या. रंग शेजारी लावले की दोन्ही उठून दिसतात. एकत्र केले की तपकिरी किंवा राखाडी होतात. इथे एक तक्रार हमखास येते: ‘आमचा जांभळाच मळका झाला.’ चूक मुलांची नसते. शेंदरी झाक असलेल्या लाल रंगात पिवळा दडलेला असतो, आणि पिवळा हा जांभळ्याचा पूरक. जांभळ्यासाठी गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या.

रिकाम्या जागेचं कोडं सोपं वाटतं, पण मुलांना सगळ्यात जास्त तेच अडतं.

मला कुणी काढत नाही, तरी मी चित्रात असते,
कपाचा कान नीट बघा, त्याच्या आत मी बसते.

गटासमोर एक कप ठेवा. कागदावर कप न काढता फक्त त्याच्या भोवतीची आणि कानाच्या आतली जागा काळी करायची. कप आपोआप पांढरा उरतो. बहुतेक जण सवयीने आधी कपाची बाह्यरेषा काढतात आणि मग बाहेर रंग भरतात. त्यात डोळा जागेकडे जातच नाही. सुरुवात कानाच्या आतल्या लहानशा आकारापासून करायला लावा. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी 1915 मध्ये मांडलेलं फुलदाणी की दोन चेहरे हे चित्र उत्तरानंतर दाखवा. आधी दाखवलंत तर कोडंच फुटेल.

थोडी शब्दांशी मस्तीही चालते:

नावात माझ्या खोड आहे, अंगात मात्र नाही खोडी,
काजळलेल्या कागदावर चमक काढतो थोडी-थोडी.

खोडरबर! कागदभर मऊ कोळसा घासायचा, फडक्याने हलकेच पुसून सारखा करडा करायचा आणि खोडरबराच्या कोपऱ्याने उजेड ‘काढायचा’. गुळगुळीत कागदावर कोळसा धरत नाही, आणि फार दाबून घासला तर तंतूंत रुतून मग निघत नाही. खोडरबर काळा झाला की प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर घासून स्वच्छ करायचा, नाहीतर उजेडाच्या जागी डाग येतात.

चाळीस मिनिटांच्या तासाला एकच कोडं पुरतं. दोनदा सावकाश वाचा, मग दोन मिनिटं पूर्ण शांतता, कुणी बोलायचं नाही. चार-पाच जणांच्या गटात पंधरा मिनिटं करून बघणं, दहा मिनिटं तुकडे भिंतीवर लावून पाहणं, उरलेल्या वेळात शब्द लिहिणं आणि आवराआवर. पटकन उत्तर सुचणारी दोन-तीन मुलं सगळ्या वर्गाची मजा घालवतात. शांततेचा नियम त्यांच्यासाठी आहे. गुण ठेवू नका. गुण आले की मुलं करून बघणं सोडून अंदाज फेकायला लागतात.

चुकीचं उत्तर आलं तर कोड्याच्या एकेका ओळीवर घासून बघा. एखादं ‘चुकीचं’ उत्तर सगळ्या ओळींत बसलं तर तेही बरोबर धरा आणि पुढच्या वर्गासाठी कोड्यात आणखी एक खूण घाला.

पाच-सहा कोडी झाली की रचण्याचं काम मुलांकडे द्या. गटाला एक शब्द चिठ्ठीवर द्यायचा, ‘पोत’, ‘ठसा’, ‘तोल’, काहीही. अट दोनच: कोड्यात तो शब्द यायला नको आणि ‘मी हे कधीच करत नाही’ अशी एक ओळ हवी. ‘ठसा’ मिळालेल्या गटाला आधी बटाट्यावर नावाचं पहिलं अक्षर कोरून उमटवू द्या. अक्षर उलटं आलं की त्यांना त्यांची ओळ सापडते.